तुळशीवृंदावनात साग : मोठा रॅस मासा घरी पाळायचा म्हणजे काय

भाच्याने रात्री साडेअकराला एक रील पाठवली. बोटाएवढा पांढरा मासा, तोंडाकडे काळे बारीक ठिपके, पाठीवर कुंकवाची दोन बोटं टेकवावीत तसे दोन नारिंगी डाग, आणि त्या डागांच्या वर पंखावर दोन काळे डोळे काढलेले. खाली मेसेज : "मामा, हा पाह्य. नागपूरले भेटते म्हणे. आपल्याले पाह्यजे."

भाचा राहतो दर्यापूर तालुक्यात. नावात दर्या आहे, तेवढाच. शेजारच्या अकोल्याहून मुंबई रेल्वेने ५८० किलोमीटरच्या आसपास. समुद्राचं म्हणून जे काही आमच्याकडे पोचतं ते आठवडी बाजारातल्या सुकट-बोंबलाच्या ढिगातून आणि मिठाच्या पुडीतून. पण रील्सला अंतर नसतं. गेल्या वर्षभरात माझ्याकडे हाच प्रश्न चौघांनी आणला, त्यातला एक तर कापसाचा व्यापारी, नवीन बंगल्याच्या हॉलमध्ये भिंतभर 'समुद्र' करायचा म्हणणारा. मी ज्युनियर कॉलेजात बरीच वर्षं जीवशास्त्र शिकवलं, आणि खाऱ्या पाण्याची टाकी एकदा पाळून, हात पोळून बसलोय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हा मासा आहे तरी कोण

रीलमधल्या माशाला मत्स्यप्रेमी 'क्लाउन कोरिस' म्हणतात, शास्त्रीय नाव कोरिस आयग्युला. तो 'रॅस' नावाच्या मोठ्या कुळातला. विदर्भात या कुळाला देशी नाव असायचं कारणच नाही, तेव्हा रॅसच म्हणू. कुळात पाचशेहून जास्त जाती आहेत आणि त्यांच्यात कशाचा कशाला मेळ नाही. काही करंगळीएवढ्या. काही मोठ्या माशांच्या कल्ल्यांतले, तोंडातले परजीवी टिपून खाणाऱ्या, म्हणजे आपल्याकडे म्हशीच्या पाठीवर बसून गोचीड टिपणाऱ्या पाखरांचं काम पाण्यात करणाऱ्या. नॉर्वेत सामन माशाच्या पिंजऱ्यांमध्ये असले रॅस मुद्दाम सोडतात, सामनच्या अंगावरच्या उवा खायला. आणि याच कुळातला नेपोलियन रॅस दोन मीटरपर्यंत वाढतो, वजन दीड क्विंटलच्या पुढे जातं, आणि तीस वर्षं जगू शकतो. २००४ मध्ये तो धोक्यात आलेल्या जातींमध्ये गणला गेला आणि त्याच वर्षी 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतही गेला. साइट्स म्हणजे दुर्मीळ जीवांच्या देशोदेशींच्या व्यापारावर लगाम घालणारा करार. तो मासा पाळण्याचा विषयच नको.

क्लाउन कोरिस तेवढा मोठा नाही. पण त्याचीही नोंद १२० सेंटिमीटरपर्यंतची आहे. बरेचसे त्याच्या आतच थांबतात हे खरं, तरी अर्धा-पाऊण मीटरचा मासा म्हणजे आपल्या पाटावर मावत नाही एवढा.

आणि मोठा झालेला कोरिस रीलमधल्यासारखा दिसतच नाही. पांढरा रंग जातो, नारिंगी डाग जातात, डोळे पुसले जातात. पूर्ण वाढलेला नर काळपट हिरवा-निळा, कपाळाला टेंगूळ, अंगावर मधोमध एक फिकट पट्टा. ते खोटे डोळे लहानपणीच्या बचावासाठी होते, मोठ्या माशाची नजर फसवायला. अंगात जोर आल्यावर त्यांची गरज संपते. शिवाय रॅस कुळातल्या बहुतेक माशांचं एक विशेष आहे. ते आधी मादी असतात, आणि कळपातला मोठा नर गेला की सगळ्यात दांडगी मादी काही दिवसांत नर होते. कॉलेजात हे शिकवताना शेवटच्या बाकावरची पोरं हमखास जागी व्हायची.

म्हणजे दुकानात विकत मिळतं ते पिल्लू. मासा नंतर होतो.

वासराचा हिशेब

गोऱ्हा विकत घेताना कुणी त्याच्या आजच्या उंचीवरून गोठा बांधत नाही. माशाच्या बाबतीत मात्र शहाणी माणसंही तसंच करतात, कारण मासा किती वाढणार हे दुकानदार सांगत नाही आणि काचेतून ते दिसत नाही.

यात एक गणित आहे, सोपं आहे, पण मनाला पटायला वेळ लागतो. लांबी दुप्पट झाली की वजन दुप्पट होत नाही, आठपट होतं. कारण मासा लांबीत वाढतो तसा रुंदीत आणि जाडीतही वाढतो. सात सेंटिमीटरचं पिल्लू सत्तर सेंटिमीटरचं झालं तर लांबी दहापट, वजन हजारपट. पाच ग्रॅमचा जीव पाच किलोच्या घरात. खाणं आणि घाण हजारपट होत नाही, मोठ्या जनावराला किलोमागे चारा कमीच लागतो. पण कितीही कमी धरलं तरी आकडा शंभराच्या खूप पुढे जातो.

आता टाकीकडे वळू. आठ फूट लांब, तीन फूट रुंद, अडीच फूट उंच अशी टाकी केली तर साठ घनफूट, म्हणजे जवळपास १,७०० लिटर. स्लॅबवरच्या हजार लिटरच्या काळ्या टाक्या बघा. तशी पावणेदोन टाकी, तीही काचेची, तीही बैठकीत. पाण्याचंच वजन सतरा क्विंटल, काच आणि दगड वेगळे. जुन्या लाकडी माळवदाच्या घरात वरच्या मजल्यावर हा विचार करणाऱ्याला मी आधी गवंड्याकडे पाठवतो.

आणि एवढं करूनही पूर्ण वाढीच्या कोरिससाठी ही टाकी ऐसपैस नाही, जेमतेम आहे. मीटरभर लांबीचा मासा आठ फुटांत वळतो किती, धावतो किती? समुद्रात तो दिवसभर प्रवाळखडकांवरून हिंडत दगड उलथत असतो. खरं सांगायचं तर ही जात सार्वजनिक मत्स्यालयांतच शोभते. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झालं ते मरीन ड्राइव्हवर, समुद्राला लागून.

"पण मासा टाकी पाहूनच वाढते ना?"

हा भाच्याचा पहिला आक्षेप, आणि सगळ्यात जुना गैरसमज. कुंडीत लावलेला साग लहान राहतो, तसा मासाही टाकीच्या मापाने राहतो असं लोक मानतात. साग लहान राहतो हे खरं, पण तो सुखानं लहान राहतो का? मुळं कुंडीत गुंडाळतात, पानं पिवळी पडतात. तुळशीवृंदावनात साग लावून चार वर्षांनी त्याला आलापल्लीच्या जंगलातल्या सागाशेजारी उभं करा.

माशाचं तसंच. कोंडलेल्या, घाणीनं भरलेल्या पाण्यात वाढ खुंटते, कारण शरीर जगण्याच्याच लढाईत अडकलेलं असतं. असा मासा वयाआधी जातो. आणि ज्यांची टाकी बऱ्यापैकी स्वच्छ असते त्यांचा मासा काही टाकीचं माप विचारत बसत नाही, वाढतो.

आमचं पाणी तर आधीच खारं आहे

हा प्रश्न फक्त आपल्याच पट्ट्यातला माणूस विचारू शकतो, आणि मला तो फार आवडतो. पूर्णेच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांतल्या शेकडो गावांत जमिनीखालचं पाणी खारं आहे. खारपाणपट्टा. डाळ शिजत नाही, चहा फाटतो, आणि हंडे धुऊन पालथे घातले तरी पांढरे डाग उठतात. भाचा म्हणाला, "मामा, आपल्या हिरीचं पाणीच टाकू ना. फुकटात समुद्र."

नाही. खारं म्हणजे समुद्र नव्हे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. आपल्या विहिरीचं पाणी जिभेला कितीही लागलं तरी त्या मानाने फिकं. आणि फक्त किती याचा प्रश्न नाही, कोणते आणि कशा प्रमाणात हाही आहे. समुद्राच्या क्षारांत सोडियम आणि क्लोराइड मिळून साधारण ८५ टक्के. उरलेल्यात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, आणि कितीतरी गोष्टी चिमूटभर. हे प्रमाण जगातल्या सगळ्या महासागरांत जवळपास सारखं असतं, मासे लाखो वर्षं त्यातच मुरलेले. आपल्या भूजलाचं मिश्रण वेगळं, गावागणिक बदलणारं.

नुसत्या खारेपणानं समुद्र होत असता तर लोणारच्या सरोवरात मासे पकडता आले असते. ते पाणी खारं तर आहेच, पण त्याची अल्कता, म्हणजे साबणासारखा निसरडा क्षारपणा, पीएचमध्ये दहाच्या आसपास जाते. समुद्राचा पीएच आठच्या थोडा वर. २०२० च्या जूनमध्ये तेच पाणी गुलाबी झालं होतं ते मीठप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे. त्यांना ते मानवतं, माशाला नाही.

मग घरचं आयोडीनवालं मीठ? तेही नाही. ते जवळपास निव्वळ सोडियम क्लोराइड. वरणात फक्त मीठ घातलं, हळद-तिखट-फोडणी घातलीच नाही, तर त्याला वरण कोण म्हणेल.

पाणी करायची रीत अशी. गावच्या आरओ प्लँटचं, शक्यतो त्याहूनही शुद्ध केलेलं पाणी घ्यायचं. त्यात समुद्री टाकीसाठी मिळणारं तयार क्षारमिश्रण विरघळवायचं. खारेपणा मोजायचं साधं उपकरण असतं, त्यात घनता १.०२५ च्या जवळ यायला हवी. १,७०० लिटरला साठ किलोच्या आसपास क्षार लागतील, आणि दर वेळी दहा टक्के पाणी बदललं तर सहा किलो नव्याने. हे मिश्रण किराणा दुकानात पोत्याने मिळत नाही आणि स्वस्तही नाही.

एवढी काटेकोरी कशासाठी हे कैरीच्या फोडींना विचारा. मीठ लावलं की फोडींतलं पाणी सुटून बाहेर येतं. जिकडे क्षार जास्त तिकडे पाणी ओढलं जातं. समुद्री माशाच्या आतलं पाणी बाहेरच्या समुद्रापेक्षा कमी खारं. म्हणजे तो आयुष्यभर मिठात टाकलेली फोड आहे. सतत पाणी गमावतो, म्हणून सतत समुद्र पितो आणि जादा क्षार कल्ल्यांतून बाहेर टाकतो. तलावातला मरळ याच्या नेमका उलटा. बाहेरचा खारेपणा एकदम वर-खाली झाला की हे सगळं यंत्र कोलमडतं.

गोठा, युरिया आणि विरजण

दोन दिवस न झाडलेल्या गोठ्यात शिरलात की डोळे झोंबतात. तो अमोनिया. मासाही अमोनियाच टाकतो, मुख्यतः कल्ल्यांतून, आणि ज्यात टाकतो त्यातच श्वास घेतो. समुद्राचं पाणी किंचित अल्क असल्यामुळे त्यात हा अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा जास्त विषारी ठरतो.

त्यावरचा इलाज शेतकऱ्याला मी दोन वाक्यांत सांगू शकतो, शहरातल्या माणसाला अर्धा तास लागतो. शेतात युरिया टाकता तेव्हा मातीतले जिवाणू आधी त्याचा अमोनिया करतात, मग अमोनियाचा नायट्राइट आणि नायट्राइटचा नायट्रेट, आणि तो नायट्रेट पीक उचलतं. टाकीतही तसलेच जिवाणू हवेत. ते दगडांवर, वाळूत, फिल्टरमध्ये घर करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विष. नायट्रेट त्या मानाने सौम्य. फरक इतकाच की टाकीत पीक नाही. नायट्रेट साचत जातो, म्हणून पाणी बदलायचं.

हे जिवाणू विकतच्या पंपाबरोबर येत नाहीत. त्यांना जमायला चार ते सहा आठवडे लागतात. विरजण लावून भांडं कोपऱ्यात ठेवतो आणि मधेमधे झाकण काढून बघत बसत नाही, तसं. मासा न सोडता, पाण्यात थोडा अमोनिया देऊन, दर दोन दिवसांनी तपासणीच्या बाटलीतला रंग बघत थांबायचं. अमोनियाही शून्य आणि नायट्राइटही शून्य दिसला की टाकी 'लागली'. समुद्री टाकीत पुष्कळ मासे मरतात ते इथे, न लागलेल्या टाकीत पहिल्याच रविवारी सोडलेले.

मे महिना

आता विदर्भावर येतो, कारण बाकी सगळं पुण्या-मुंबईच्या माणसालाही लागू आहे.

या माशांना पाणी लागतं २४ ते २७ अंशांचं. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश, पत्र्याच्या घरात रात्री दहालाही भिंतीला हात लावला तर चटका. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश नोंदले गेले होते. अशा वेळी टाकी म्हणजे उन्हात ठेवलेली कळशी. आणि पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. मुळात खाऱ्या पाण्यात तो गोड्यापेक्षा पाचवा हिस्सा कमीच असतो. उलट माशाला गरमीत प्राणवायू जास्त लागतो. मोठ्या माशाला तर सगळंच जास्त लागतं.

इथे आपला जुना शहाणपणा कामाला येतो. रांजणातलं पाणी गार होतं कारण ते पाझरून उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. टाकीच्या पृष्ठभागावर पंखा सोडला की तेच होतं. कोरड्या हवेत दोन-चार अंश सहज उतरतात, आणि आमच्या मेच्या हवेइतकी कोरडी हवा कुठली! डेझर्ट कूलर त्याच तत्त्वावर चालतो. पण दोन अडचणी. एक, उडतं ते पाणी, मीठ जागेवरच राहतं. वरण आटत गेलं की खारट होतं तसं टाकीचं पाणी रोज थोडं थोडं जास्त खारं होत जातं. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणी घालायचं, खारं नाही. हे नवख्याच्या हमखास उलटं लक्षात राहतं. दुसरी अडचण म्हणजे जुलै. हवा दमट झाली की कूलर नुसता भिजका वारा फेकतो हे आपल्याला ठाऊक आहे, आणि टाकीवरचा पंखाही तसाच निकामी होतो. मग चिलर लागतो, म्हणजे पाण्याचा फ्रीज, तसाच कंप्रेसरवर चालणारा. तो पाण्यातली उष्णता काढून खोलीत ओततो.

आणि हे सगळं चालतं लाईनवर.

माझी टाकी छोटी होती, चार फुटी. तिच्यात एक चंद्ररॅस होता, इंग्रजीतलं 'मून' घेऊन मीच ठेवलेलं नाव, कारण शेपटीत पिवळी चंद्रकोर असते. ही जात आपल्या मन्नारच्या आखातात, लक्षद्वीपलाही आढळते. हिरव्या अंगावर गुलाबी रेषा, आणि दिवसभर कोल्ह्यासारखी येरझार. चौदा महिने नीट चालला. मग मेमध्ये परतवाड्याला लग्न निघालं. दोन दिवसांचा प्रश्न, इन्व्हर्टर आहेच, म्हणून गेलो. वादळात झाडाची फांदी तारेवर पडली आणि लाईन गेली ती अकरा तास आली नाही. इन्व्हर्टरची बॅटरी जुनी होती, ती तीन तासांत बसली. परत आलो तेव्हा खोलीत शिरतानाच वास आला. टाकीचं पाणी दुधट, दगडावर फेस, आणि चंद्ररॅस पंपाच्या तोंडाशी आडवा, जिथून एरवी पाणी जोरात यायचं तिथे. मी बॅटरी बदलायची सहा महिने टाळत होतो. दोष द्यायला दुसरं कुणी नाही.

तेव्हापासून विचारणाऱ्याला मी माशाआधी विजेचा हिशेब मांडून दाखवतो. १०० वॅटचं यंत्र चोवीस तास चाललं की दिवसाला २.४ युनिट, महिन्याला ७२. पंप, फिल्टर, दिवे आणि चिलर धरून तुमची बेरीज तुम्हीच करा. मग त्यातलं किती इन्व्हर्टरवर किती तास चालेल तेही लिहा. कापसाच्या व्यापाऱ्याने ते लिहिल्यावर जनरेटरची चौकशी सुरू केली, आणि नंतर भिंतीला वॉलपेपर लावला.

वाळूत झोपणारा, दगड उलथणारा

एवढं वाचूनही कुणी नेटाने उभा असेल तर या माशाच्या खोडी सांगतो. त्या खरंच लोभस आहेत.

पुण्यात एका मित्राकडे पंचवीसेक सेंटिमीटरचा कोरिस होता. संध्याकाळी सातला टाकीचे दिवे मंद व्हायचे. त्याच्या दहा मिनिटं आधी मासा तळाशी उतरायचा, वाळूच्या एका कोपऱ्यावरून दोन फेऱ्या मारायचा, जागा हुंगल्यासारखी. मग अंग तिरपं करून तोंडाने वाळूत सूर. दोन झटके, धुरळा, आणि मासा नाही. वाळू बसल्यावर नीट बघितलं तर एक उंचवटा दिसायचा, मांजर पांघरुणात शिरल्यावर दिसतो तसा. सकाळी तिथूनच बाहेर. मित्र म्हणायचा, घड्याळ बंद पडलं तरी चालेल.

म्हणून तळाला बारीक, गोल कणांची वाळू लागते, दहा सेंटिमीटर तरी, मोठ्या माशाला त्याहून जास्त. घरकुलाच्या कामावर उरलेली रेती नको. तिच्या टोकदार कणांनी अंग सोलतं आणि जखमा चिघळतात. आणि नवा आणलेला मासा कधी कधी तीन-चार दिवस वाळूतून वरच येत नाही. प्रवासाने बिचकलेला असतो. लोक मेला समजून उकरतात आणि तेवढ्याने खरंच मारतात.

दुसरी खोड म्हणजे दगड. अन्न शोधताना तो तोंडाने दगड उलथतो. मित्राकडे जेवताना आतून 'ठक्' असा आवाज यायचा, दगड काचेवर आपटल्याचा, आणि वहिनी जेवता जेवता काचेकडे नजर टाकायच्या. सुपारीएवढे दगड तो बाजूला सारायचा, तेव्हा मोठे दगड वाळूवर नव्हे, थेट तळावर रचायचे. नाहीतर खालची वाळू उकरली जाऊन ढीग ढासळतो. त्याच्या घशात दातांचा दुसरा जबडा असतो, सुपारी फोडायच्या अडकित्त्यासारखा. गोगलगाय, शिंपले, खेकडे कडकड फोडून खातो. म्हणजे टाकी साफ ठेवायला म्हणून सोडलेल्या गोगलगाई आणि कोळंबी ही त्याची न्याहारी. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर याच कुळातला एक टस्कफिश शिंपला तोंडात धरून दगडावर आपटून फोडताना छायाचित्रांत पकडला गेलाय. दगड ऐरणीसारखा वापरणारा मासा!

खायला त्याला समुद्रीच हवं : कोळंबी, शिंपल्याचं मांस, गोठवलेलं. आपल्या तलावातले झिंगे कधीमधी ठीक, रोजचा आहार म्हणून नाहीत. सुकट तर नकोच.

आणि झाकण. रॅस उड्या मारतात, घाबरले की हमखास. बारीक जाळीचं झाकण हवं, पाइपसाठी ठेवलेली दोन बोटांची फटसुद्धा पुरते त्यांना.

"मोठा झाला की सोडून देऊ"

कुठे? आपल्या धरणात समुद्री मासा काही तासांत मरेल, कैरीच्या फोडीचं उलट होऊन. दुकानदार परत घेईल ही आशाही फोल, अर्ध्या मीटरचा मासा तो कुणाला विकणार? आणि कुणी म्हणत असेल की गोड्या पाण्याचे तरी सोडता येतात, तर तेही नको. काच चाटत राहणारा दक्षिण अमेरिकेतला सकर मासा असाच लोकांनी सोडून सोडून भारतातल्या कितीतरी नद्या-तलावांत पसरला, आता भोयांची जाळी फाडतो.

शिवाय हा मासा येतो कुठून तेही बघावं. समुद्री शोभेचे बहुतेक मासे अजून थेट समुद्रातूनच पकडले जातात. फिलिपिन्स, इंडोनेशियाकडे सायनाइडची पिचकारी मारून गुंगवून पकडण्याची वाईट प्रथा अनेक दशकं चालली. तसा पकडलेला मासा दुकानात टवटवीत दिसतो आणि काही आठवड्यांत कारण न कळता जातो. आणि टाकीत शोभेला म्हणून खरं प्रवाळ कुणी देऊ केलं तर हात जोडा. प्रवाळं आपल्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्याच पंगतीत.

मग पाळूच नये का

मोठा रॅस? नाही, आमच्या खेड्यात नाही. हे मी स्पष्ट सांगतो आणि यावर वाद घालत नाही.

पण खाऱ्या पाण्याची हौसच असेल तर अडीचशे-तीनशे लिटरची टाकी, चांगली बॅटरी, आणि त्यात क्लाउनफिशची जोडी. हा क्लाउन कोरिस नव्हे, वेगळाच, छोटा नारिंगी-पांढरा मासा. त्यांची पैदास आता हॅचरीत होते. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेही ती करून दाखवली आहे. म्हणजे समुद्र ओरबाडला जात नाही, आणि मासा जन्मापासून टाकीला सरावलेला. रॅसच हवा असेल तर सिक्सलाइन, अंगावर सहा निळ्या-नारिंगी रेघांचा, जास्तीत जास्त बोटभर वाढणारा. तो भांडकुदळ आहे, शेवटी सोडावा. मोठ्या भावासारखा तो वाळूत झोपत नाही, दगडांच्या फटीत निजतो, आणि दगड उलथायची ताकदही त्याच्यात नाही.

भाच्याला हे सगळं सांगितलं. तो आठ दिवस बोलला नाही. मग कॅलेंडरच्या मागे केलेल्या बेरजेचा फोटो पाठवला. त्याच्या वडिलांनी तो बघून म्हटलं होतं, "एवढ्यात तं म्हैस येते." बेरीज आठ फुटी टाकीची होती. खाली दुसरी होती, तीन फुटीची.

परवा गेलो होतो. टाकी बसलीय, चिलर नाही, दोन पंखे आहेत आणि नवी बॅटरी. आत पाणी, वाळू, दगड, आणि काही नाही. पाचवा आठवडा. तो काचेच्या छोट्या नळीत पाणी घेऊन खिडकीशी उजेडात धरून रंग जुळवत बसला होता, पिवळा की पिवळट हिरवा. आजी दारातून म्हणाली, "मायबाई, महिना झाला, येच्यातले मासे कुठी गेले?"

"आले कुठी आजी अजून," तो नळीवरची नजर न काढता म्हणाला. "इरजन लागू दे ना आधी."